साडूचा हात थरथरत नव्हता

भास्करराव गेल्याची बातमी माझ्या बायकोनं फोनवर सांगितली नाही. उज्वला घरून चालत दुकानापर्यंत आली, पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "दाजी गेले." मी एका शाळेच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर उघडून बसलो होतो. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायच्या आधी मी विचारलं, "शॉक बसला?" ती मानेनंच नाही म्हणाली. सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून ते चहाची वाट बघत खुर्चीत बसले होते. मंगलताई कप घेऊन बाहेर आल्या तर मान कललेली... एवढंच. उज्वलाला आत बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि शटर ओढायला मी बाहेर आलो. शटरच्या दांडीला हात घातलेला असताना माझ्या मनात जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मनात आलं, की आता शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत जुन्या मॉनिटरचं काम येणारा मी एकटाच उरलो. दुःख त्याच्या मागून आलं. आधी हे आलं.

भास्करराव माझे साडू. त्यांची मंगल थोरली, माझी उज्वला धाकटी. साडू हे नातं मोठं अवघड. भाऊ नव्हे, मित्र असेलच असं नाही, पण एका सासऱ्याच्या डोळ्यांसमोर दोघांना जन्मभर शेजारीशेजारी उभं राहावं लागतं. आमचे सासरे, आबा, दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये नोकरीला होते. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला ते फार मानायचे, आणि त्यांचे दोन्ही जावई दुरुस्तीच्या धंद्यातले निघाले. मी पाबळला तंत्रशिक्षणाच्या संस्थेत राहून काम शिकलेलो. माझं सर्टिफिकेट शिरूरच्या दुकानात फ्रेम करून लावलेलं आहे. भास्करराव दहावीला दोनदा बसले, दोनदा आपटले आणि दौंडच्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बघून बघून शिकले. माझं लग्न त्यांच्या लग्नानंतर तीन वर्षांनी झालं. बघायला गेलो तेव्हा आबांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "आमचं थोरलं जावई पन ह्याच लाइनीत हायेत. वळखता का?" मी ओळखत नव्हतो. पण त्या क्षणापासून ते माझ्या डोक्यात बसले ते बसलेच.

तो काळ कॉम्प्युटर गावोगाव पोचण्याचा होता. आजच्या मुलांनी ते जुने मॉनिटर पाहिलेले नसतील. पुढे काच, मागे हातभर लांब कुबड, एकट्यानं उचलायचा तर पाठीत कळ यावी इतकं वजन. त्या काचेच्या आत चित्र उमटायला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागायचे. ते तयार करणारा एक काळा, मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर असायचा, त्याला आम्ही एलओटी म्हणायचो. त्यातून एक जाड लाल वायर निघायची आणि काचेच्या पाठीवर रबराच्या टोपीखाली जाऊन बसायची. मॉनिटर बंद केला, प्लग काढला तरी ती काच आतल्या आत वीज धरून ठेवायची, कधी तासभर, कधी दोन दिवस. त्यामुळे बाकी सगळं दुरुस्त करणारे मेकॅनिकही हाय व्होल्टेजचा फॉल्ट म्हटलं की हात मागे घ्यायचे. आमच्या भागात त्या टोपीखाली हात घालणारे आम्ही दोघेच. मी भीत भीत घालायचो. ते दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उचलावं तसे घालायचे.

शिरूरला एक कॉम्प्युटर क्लास होता. त्यांचे मॉनिटर माझ्याकडेच यायचे. एकदा त्यातला एक आला, चालू केला की चटचट आवाज करून चित्र उडायचं. मी दोन दिवस घालवले आणि एलओटी गेला म्हणून सांगितलं. आठवड्यानं क्लासचे सर दुकानासमोरून जाताना थांबले. म्हणाले, "तुमच्या साडूंनी केला हो तो चालू. एसटीनं मांडीवर घेऊन गेलो दौंडला. काचेला मागून एक अर्थिंगची पट्टी असते म्हणे, तीच सुटलेली होती. माझा चहा संपायच्या आत करून दिला." ते कौतुकानं सांगत होते, मला टोचून बोलायचा त्यांचा हेतू नव्हता. मी हसून "वा वा" म्हणालो. ती पट्टी मी पाहिली होती. सैल आहे हेही पाहिलं होतं, आणि एवढ्या क्षुल्लक गोष्टीनं काय होणार म्हणून सोडून दिली होती. त्या दिवशी जेवताना उज्वलानं ताईचा विषय काढला तर मी विनाकारण तिच्यावर खेकसलो.

पुढच्या महिन्यात सासुरवाडीला जायचं निमित्त काढून मी त्यांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खरं तर मी चोरून शिकायला गेलो होतो, पण चोरायची वेळच आली नाही. त्यांनी खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं. पंखा बंद केला, दाराला गोधडी लावून भर दुपारी खोलीत अंधार केला आणि म्हणाले, "पाव्हणं, आधी बघायचं न्हाई. आधी ऐकायचं. टिकटिक करत आसंल तर सप्लाय सुरू व्हायला बघतोय आन् कुणीतरी त्याला खाली वढतंय. फुसफुस आसंल तर वीज कुठंतरी झिरपतीय. चट्ट करून एकदाच वाजलं तर उडी मारतीय. आवाज कळला की मग अंधारात बघायचं, निळं दिसतंच." त्यांनी बटण दाबलं, डोळे मिटले, दोन-तीन सेकंदांत बोट एका जागी टेकवलं. अंधारात तिथं खरंच निळसर धुगधुगी होती. मला सगळीकडून एकच सूं ऐकू येत होतं. सगळं हातचं न राखता सांगणाऱ्या माणसाचा हेवा जास्त वाटतो. त्यानं काही लपवलं असतं तर मला निदान म्हणता आलं असतं, की लपवलं म्हणून मला येत नाही.

असं पंधरा-वीस वर्षं चाललं. दिवाळीला, जयंतीला दोघं दौंडला एकत्र यायचो. विहाराच्या सजावटीचं, लाइटिंगचं काम भास्कररावांकडे असायचं, आणि मी शिरूरहून आलेला पाहुणा म्हणून खुर्चीत बसायचो. आबा शेवटी शेवटी अंथरुणाला खिळले होते. मी त्यांना नवा टीव्ही नेऊन बसवून दिला तर म्हणाले, "चांगला हाय. भास्करला दाखवून घ्या एकदा." त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण मी तो टीव्ही दाखवून घेतला नाही. पुढे आबाही गेले आणि ते जाडे मॉनिटरही गेले. भिंतीला लावायचे चपटे पडदे आले. मी कॅमेऱ्यांच्या कामात पडलो. भास्कररावांनी पंखे, मोटारी, मिक्सर करायला सुरुवात केली. मला वाटलं, संपलं आता. आता बरोबरी करायला काही उरलं नाही.

मग पाच-सहा वर्षांपूर्वी कुरकुंभच्या एका कारखान्यातल्या इंजिनिअरचा मला फोन आला. त्यांच्या एका परदेशी मशीनच्या पॅनेलमध्ये जुना मॉनिटर बसवलेला होता. नवा पडदा त्याला जोडता येत नव्हता आणि तो बंद पडल्यानं मशीन उभं होतं. इंजिनिअर म्हणाला, "दौंडचे भास्करराव हे काम करतात असं कळलं. त्यांचा फोन लागत नाहीये. तुम्ही त्यांचे नातेवाईक ना?" मी दुकानात एकटा होतो. एक क्षणही विचार न करता मी बोलून गेलो, "त्यांनी सोडलं ते काम. हात थरथरतो त्यांचा आता. मी येतो." फोन ठेवून मी मॉनिटरची जुनी हत्यारं शोधायला लागलो. हात थरथरतो हे कुठून आलं मला माहीत नाही. भास्कररावांचा हात कसा होता हे माझ्याइतकं बारकाईनं कुणीच पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावऱ्यावरून चौफुला, पाटस करत मोटरसायकलवर कुरकुंभ गाठलं. मॉनिटर बाहेर काढून टेबलावर घेतला. टिकटिक, टिकटिक, आणि पडदा काळा. सप्लाय तपासला, ट्रान्झिस्टर तपासला, सगळं ठीक. मग त्या रबराच्या टोपीकडे हात नेला आणि काचेत साठलेली वीज आधी अर्थ करून काढायची, हे पहिल्या दिवशी शिकलेलं काम विसरलो. तो झटका कोपरापर्यंत गेला. हात मागे उडून शेजारच्या कपाटावर आदळला. इंजिनिअर धावत आला, "लागलं का?" मी नाही म्हणालो. लागलं नव्हतं फारसं, पण त्यानंतर हात त्या टोपीकडे जाईना. मी तासभर इकडचं तिकडं मोजत राहिलो आणि शेवटी सांगितलं, की एलओटी गेलाय, आता हा कुठं मिळत नाही. इंजिनिअरचा चेहरा पडला. त्याच्या वरच्या साहेबाला काय सांगायचं हा त्याला प्रश्न. तो इतका काकुळतीला आला, की माझ्याच तोंडून निघालं, "थांबा, साडूंना विचारून बघतो." मी उज्वलाला फोन लावला, तिनं मंगलताईंना केला, आणि पाऊण तासात भास्करराव स्कूटरवर गेटला हजर.

आत आले, मला बघून हसले. कुणाला काही न विचारता खोलीतला एसी बंद करायला लावला. स्क्रूड्रायव्हरला वायर गुंडाळून तिचं दुसरं टोक अर्थला लावलं आणि टोपीखाली सरकवलं. चट्ट आवाज झाला, काच मोकळी झाली. मग मॉनिटर पुन्हा सुरू केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाव्हणं, जरा कान लावा. कुठनं येतंय सांगा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या इंजिनिअरसमोर, झटका खाऊन बसलेल्या माणसाला हे परीक्षेला बसवतात, असं वाटलं. मला ऐकू येत होतं. टिकटिकीच्या मागे काचेच्या बाजूनं बारीक फुसफुस येत होती. पण मी म्हणालो, "सगळीकडूनच येतंय." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग बंद करून, काच पुन्हा मोकळी करून एकेक जागा तपासत गेले, घाई न करता. टोपीपाशी पोचायला त्यांना बराच वेळ लागला. ती उचलली तर तिच्याखाली काचेवर तपकिरी चिकट थर बसलेला होता. कारखान्याची हवा आणि वर्षानुवर्षांची धूळ. वीज त्या थरावरून झिरपत होती. स्पिरिटनं काच पुसली, टोपी धुतली, दोन्ही नीट सुकवलं. चित्र आलं.

इंजिनिअर त्यांचा हात बघत होता. टोपीच्या आतली बारीक आकडी पुन्हा बसवताना बोट केसाइतकंही हललं नव्हतं. तो सहज म्हणाला, "पण तुमचा हात थरथरतो ना? तुम्ही काम सोडलं असं कळलं होतं." भास्कररावांनी मान वर केली. इंजिनिअरकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचे स्क्रू गोळा करायला लागलो. ते म्हणाले, "थरथरत व्हता मधी. आता बरा हाय." आणि कॅबिनेट लावायला घेतलं. बाहेर आल्यावर चौकात आम्ही चहा घेतला. त्यांनी विचारलं, "उज्वला बरी हाय?" मी म्हणालो, बरी आहे. "तुमचं कोपर दाखवून घ्या डॉक्टरला." बास. स्कूटरला किक मारून गेले. मला तेव्हा अपराधी वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर रागच जास्त आला. फॉल्ट त्यांनी काढला तो काढला, वर माझं खोटंही सांभाळून घेतलं. माझ्याजवळ स्वतःचं म्हणून काहीच ठेवलं नाही.

त्यानंतरही भेटीगाठी झाल्या. बारशी, लग्नं, वास्तू. तो विषय त्यांनी कधी काढला नाही, मी तर नाहीच. सांगेन एकदा, सांगेन एकदा, असं म्हणत वर्षं गेली. मग उज्वला दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

पुण्यानुमोदनाला विहार भरून बाहेर मांडव घालावा लागला. रेल्वेचे लोक, शाळांचे मास्तर, गिरणीवाले, कुणाचा पंखा, कुणाची मोटार त्यांनी करून दिलेली. एकेक उठून बोलत होता. पहिल्या रांगेत बसून मी काय करत होतो? माझ्या वेळेला एवढी माणसं येतील का, याचा हिशेब. कुणीतरी माईक माझ्याकडे दिला, "साडूंनी दोन शब्द बोलावेत." मी उभा राहिलो, "जयभीम" म्हणालो आणि पुढचं काही सुचेना. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. तेव्हा राहिलेले दोन शब्द आज, दीड महिन्यानं, लिहायला बसलो आहे.

पण हे लिहायचं धाडस आलं ते मागच्या रविवारी. उज्वलाला घेऊन दौंडला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मंगलताई मला म्हणाल्या, "भावजी, जरा पुढच्या खोलीत या. एक काम राह्यलंय त्यांचं." खोलीत टेबलावर एक मॉनिटर उघडा पडला होता. कासुर्डीच्या एका वजनकाट्यावरचा. मालकाला नवा नको होता, धुळीत इतकी वर्षं चालला म्हणून तोच हवा होता. मी बसलो. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "एक इचारू का? तुम्ही तर एवढी वर्षं बघितलंय त्यांना. त्यांचा हात कवा थरथरताना दिसला व्हता का हो तुम्हाला?"

मी टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलून पुसायला लागलो. त्याच पुढे सांगू लागल्या. "कुरकुंभचं काम करून आले त्या दिवशी जेवले न्हाईत. हात पुढं करून मला म्हणले, बघ, थरथरतो का. मी म्हणलं, न्हाई. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या काठोकाठ भरून घेतला आन् हात लांब करून उभे राह्यले. मग ते रोजचंच झालं. अंघोळीच्या आधी तांब्या भरायचा, धरायचा, पाणी सांडतंय का बघायचं. मी लई येळा रागावले. म्हणायचे, कुणीतरी बघितल्याबिगर कशाला म्हणंल? गेले त्या दिवशी सकाळीपण धरला व्हता."

मला वाटत होतं, ते मला कधीच माफ करून मोकळे झाले असतील. त्यांच्या मोठेपणाचाही मला हेवा वाटायचा. आणि इथं तो माणूस रोज सकाळी, पाच-सहा वर्षं, माझं खोटं पाण्यानं तपासून बघत होता. मी म्हणालो, "ताई, ते मी म्हणालो होतो. त्या इंजिनिअरला. हात थरथरतो असं. खोटं होतं. त्यांचा हात कधीच थरथरला नाही."

त्यांनी पदरानं टेबलाची कड पुसली. मग म्हणाल्या, "मला ठाऊक व्हतं. त्यांनी नाव न्हाई सांगितलं, पर आमच्यात लपत न्हाई काई. तुमच्या तोंडनं यावं म्हणून इचारलं." दाराबाहेर बघत, "त्यांना ऐकायला मिळालं आसतं तर बरं झालं आसतं." एवढंच. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. मला वाटलं, आता उठून जावं. त्या म्हणाल्या, "करा सुरू. ते काम राह्यलंय न्हवं."

मी पंखा बंद केला, गोधडी लावली, मॉनिटर सुरू केला. फुसफुस होती, पण खोलीभर पसरल्यासारखी. मी वाकून इकडे-तिकडे कान देत होतो. मंगलताई टेबलाजवळ आल्या आणि माझ्या डाव्या अंगाला उभ्या राहून म्हणाल्या, "तिथं न्हाई. लाल वायर त्या काळ्यातनं निघती ना, तिच्या बुडाशी." मी तिकडे कान नेला, आवाज तिथूनच येत होता. "मीच सांगायचे त्यांना," त्या म्हणाल्या. "धा वर्षं झाली, त्यांना बारीक आवाज येत नव्हता. उजवा कान तर पुराच गेल्याला. गिऱ्हाईक आलं की मी च्या घेऊन यायचे आन् हितंच उभी राह्यचे. कप ठिवताना हळूच सांगायचे, काळ्यापाशी, न्हाईतर काचंपाशी. लोकांना कळू द्यायचं नव्हतं त्यांना. तुम्हाला तर न्हाईच न्हाई."

म्हणजे कुरकुंभला त्यांनी मला परीक्षेला बसवलं नव्हतं. त्यांना ऐकूच येत नव्हतं. मंगलताई तिथं नव्हत्या, म्हणून त्यांनी माझे कान मागितले होते, आणि मी, सगळं स्पष्ट ऐकू येत असताना, सगळीकडूनच येतंय म्हणालो होतो...

काच मोकळी करून मी लाल वायरीचं बूड भिंगाखाली धरलं. रबराला केसासारखी चीर होती. स्वच्छ करून सिलिकॉन भरलं. ते सुकायला वेळ लागतो म्हणून त्या दिवशी आम्ही दौंडलाच राहिलो. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर पुन्हा खोलीत गेलो. मी सांगितलं नव्हतं, तरी मंगलताई येऊन तिथंच उभ्या राहिल्या, डाव्या अंगाला, टेबलापासून हातभर. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या कानाचा हेवा केला, हाताचा केला, त्याच्या दारातल्या गर्दीचा केला. हेवा जिचा करायला हवा होता ती बाजू मी एकदाही बघितली नव्हती. माझ्या टेबलाच्या डाव्या अंगाला आजवर कुणी उभं राहिलेलं नाही, कारण मी कधी कुणाला मला येत नाही असं म्हणालोच नाही.

बटण दाबलं. काच हळूहळू उजळली.

"येतोय का अजून आवाज?" मी विचारलं.

त्यांनी मान जराशी तिरकी केली. बराच वेळ ऐकलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "गप झाला."

मी कॅबिनेटचे स्क्रू लावायला घेतले. शेवटचा स्क्रू बसेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.